कागदावरचा पोत आणि पडद्यावरची रेषा : मिश्र रेखाटनाची एक पद्धत

डिजिटल रेखाटनात पोत बहुधा सर्वांत शेवटी येतो. चित्र पूर्ण होते, रंग बसतात, आणि मग जुन्या कागदाचे किंवा भिंतीचे एखादे छायाचित्र वरच्या थरावर पसरून ते हाताने काढल्यासारखे दिसेल अशी अपेक्षा केली जाते. पाहणाऱ्याच्या डोळ्याला मात्र चित्र एकीकडे आणि पोत दुसरीकडे असे दोन वेगळे पदार्थ जाणवतात, कारण खऱ्या कागदावर पोत पहिल्या रेषेपासूनच हजर असतो. तो रेषेला अडवतो, रंगाला धरून ठेवतो आणि चित्रकाराच्या हाताला काही निर्णय घ्यायला लावतो. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका आग्रहावर उभी आहे की, पोत आधी तयार असावा आणि चित्र त्याच्या आधाराने काढले जावे.

आधी कागद समजून घ्यावा

खडबडीत कागद भिंगाखाली धरला तर त्यावर उंचवटे आणि खळगे दिसतात. कोळशाची कांडी, ग्रॅफाइटची पेन्सिल, पेस्टल किंवा जवळजवळ कोरडा कुंचला यांचा स्पर्श उंचवट्यांना होतो. हात हलका असेल तर खळगे पांढरे राहतात. जलरंगाच्या पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्यात मिसळून पसरलेल्या रंगात, नेमके उलटे घडते. पाणी खळग्यांत साचते, जड रंगकण पाण्याबरोबर तेथेच खाली बसतात आणि उंचवटे फिके राहतात. एकाच कागदावर पेन्सिल आणि वॉश एकत्र आले की दोन्हींचे ठिपके एकमेकांच्या रिकाम्या जागा भरतात, आणि त्या कागदावरील चित्राला जी खोली येते तिचे मोठे कारण हे आहे.

पडद्यावर काम करताना हा भेद सहसा विसरला जातो आणि पेन्सिलीच्या ब्रशला, वॉशच्या ब्रशला, अगदी शाईच्या रेषेलाही एकच पोत एकाच दिशेने लावला जातो. त्याऐवजी एका कागदाचा एकच चांगला स्कॅन घ्यावा; कोरड्या साधनांसाठी तो आहे तसा वापरावा आणि ओल्या रंगासाठी त्याचे गडद-फिके उलटवून वापरावा. या लेखातील बाकी काहीही करायला वेळ नसेल, तर एवढे तरी अवश्य करून पाहावे. मला स्वतःला या एका बदलाने सर्वाधिक फरक दिसला आहे.

पोताची पाने तयार करणे

पोतासाठी पाने तयार करताना कागदभर एकसारखा डाग पसरवण्याचा मोह होतो. तशी पाने पार्श्वभूमीला उपयोगी पडतात, परंतु रेखाटनात खरे काम फटकाऱ्याच्या कडा करतात. कुंचला कागदाला टेकतो ती जागा, शाई संपत आल्यावर विरत जाणारी शेपटी, दाब वाढल्यावर रुंदावणारी बाजू, हे सगळे सॉफ्टवेअरला स्वतःहून जमत नाही. म्हणून एका पानावर लांब, आखूड, वळणदार, तुटक असे तीस-चाळीस फटकारे मोकळी जागा सोडून काढावेत आणि प्रत्येक फटकाऱ्याला सुरुवात व शेवट असू द्यावा.

कोरड्या कुंचल्यासाठी शाईत बुडवलेला कुंचला आधी कापडावर टिपून घ्यावा आणि मग आडवा धरून वेगाने ओढावा. वेग कमी झाला की शाईला खळग्यांत शिरायला वेळ मिळतो आणि तुटकपणा नाहीसा होतो. कोळशाची कांडी टोकाने न चालवता आडवी घासावी. घासून ठसा घेण्याची रीत, जिला फ्रोताज म्हणतात, तीही येथे फार उपयोगी आहे : लाकडी फळी, जाळीदार कापड, वाळलेले पान किंवा दगडाची कड यांवर पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल घासली की त्या वस्तूचा पोत कागदावर उतरतो. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी जमिनीवरील रेषा अशा घासून घेतल्या आणि त्या ठशांत दिसलेल्या आकारांतून चित्रे घडवली. अर्न्स्टने ठशाचा उपयोग चित्राच्या प्रारंभासाठी केला, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ओल्या पोतांत सर्वांत समृद्ध पाने दाणेदार रंगांची होतात. अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग भरपूर पाण्यात एकत्र करून खडबडीत कागदावर सोडले, तर वाळताना त्यांचे कण काही ठिकाणी विलग होतात आणि एकाच राखाडी वॉशमध्ये निळसर व तांबूस छटा शेजारी शेजारी उमटतात. मिठाचा परिणाम हवा असेल तर वेळ सांभाळावी लागते. वॉश पूर्ण ओला असताना मीठ टाकले तर खडे विरघळून जातात आणि वाळल्यावर टाकले तर काहीच होत नाही. ओल्या रंगाची चकाकी नुकतीच मंद होऊ लागते तो क्षण योग्य असतो, कारण त्या वेळी खडा भोवतालचे पाणी ओढून घेतो आणि रंगकण सरकून ताऱ्यासारखी फिकी जागा तयार होते. ओल्या वॉशवर पातळ प्लॅस्टिकचा कागद चुरगाळून ठेवून तसाच वाळू दिला, तर खडकासारख्या कोनदार रेषा मिळतात. मेणाने आधी रेघोट्या मारून वरून वॉश देणे आणि टूथब्रशवरून बोट फिरवून शाईचे शिंतोडे उडवणे, ही दोन्ही तंत्रे बहुतेकांच्या परिचयाची आहेत.

ज्या पोतांपासून पुढे ब्रश किंवा मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) बनवायचा आहे, ते काळ्या रंगातच करावेत. तेथे फक्त गडद-फिक्याचा उपयोग होतो, आणि रंग नंतर ठरवता येतो. दाणेदार वॉशचे पान मात्र रंगीतच जपावे, कारण दोन रंगकणांतील जो सूक्ष्म फरक असतो तो पडद्यावर पुन्हा निर्माण करणे जवळजवळ अशक्य आहे.

स्कॅन घेताना

पोतासाठी ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) हे माप मी कायम ठेवले आहे. एरवी मूळ आकारात छापायच्या चित्राला ३०० डीपीआय पुरते, पण दुप्पट घेतल्याने पोत थोडा मोठा करायला वाव राहतो. ए-४ कागद ६०० डीपीआयवर सुमारे ४९६० × ७०१६ पिक्सेलचा होतो, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल, आणि साध्या ८-बिट रंगीत फाइलला संक्षेपाविना सुमारे १०० एमबी जागा लागते. शक्य असेल तर वॉशची पाने १६-बिटमध्ये घ्यावीत. ८-बिटमध्ये लाल, हिरवी, निळी अशा प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात, तर १६-बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध असतात. फिका वॉश पुढे ताणून गडद करायचा असतो तेव्हा ८-बिटच्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. फाइल टिफ किंवा पीएनजी स्वरूपात ठेवावी, कारण जेपीईजीचा संक्षेप ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत चालतो आणि बारीक दाण्यात त्या चौकटी मिसळल्या की नंतर काढता येत नाहीत.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील आपोआप धार वाढवणे, धूळ काढणे आणि रंग सुधारणे हे तिन्ही पर्याय बंद करावेत. धूळ काढणारा पर्याय कागदाच्या दाण्यालाच धूळ समजतो. त्याशिवाय एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे : बहुतेक सपाट स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने तिरपा पडतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची लहानशी सावली नोंदली जाते. तोच कागद ९० अंशांनी फिरवून पुन्हा स्कॅन केला की सावल्यांची दिशा बदलते. कागदाचा दाणा हवा असेल तर जो स्कॅन अधिक ठसठशीत दिसेल तो निवडावा. फक्त रंग हवा असेल आणि दाणा नको असेल, तर कागद १८० अंशांनी फिरवून घेतलेला स्कॅन पहिल्या स्कॅनवर जुळवून वरचा थर ५० टक्के पारदर्शक ठेवावा, म्हणजे सावल्या बऱ्याच अंशी मिटतात.

कोळसा आणि पेस्टलवर आधी फिक्सेटिव्ह (भुकटी कागदाला धरून ठेवणारा फवारा) मारावा, अन्यथा काचेवर भुकटी चिकटून पुढच्या प्रत्येक पानावर डाग येतात. जाड रंगाचे थर काचेवर दाबू नयेत; त्यांचे छायाचित्र घ्यावे. पोताचा उठाव टिपायचा असेल तेव्हा खिडकीचा किंवा दिव्याचा प्रकाश एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर असा येऊ द्यावा. सपाट नोंद हवी असेल तेव्हा दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर ठेवावेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही चांगले काम होते. फक्त अगदी जवळ न जाता थोडे मागे उभे राहून झूम करावे, म्हणजे कागदाच्या कडा फुगत नाहीत.

पोत स्वच्छ करणे आणि त्याचे गणित

स्कॅन किंवा छायाचित्र कितीही काळजीने घेतले तरी एक कोपरा दुसऱ्यापेक्षा किंचित उजळ असतो. पोत चित्रावर ठेवला की हा फरक चित्राच्या छायाप्रकाशात घुसतो. तो काढण्यासाठी हाय पास फिल्टर वापरावा. त्याची त्रिज्या दाण्याच्या आकाराच्या काही पट ठेवली की दाणा शिल्लक राहतो आणि उजेडाचा मंद उतार नाहीसा होतो. या फिल्टरनंतर पोताची सरासरी मध्यम राखाडीवर, म्हणजे ० ते २५५ च्या मोजणीत १२८ च्या आसपास येते, आणि ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट या थर मिसळण्याच्या पद्धतींसाठी तेच आवश्यक असते. या दोन्ही पद्धतींत मध्यम राखाडी खालच्या रंगाला हात लावत नाही. तिच्याहून उजळ भाग रंग उजळवतो आणि गडद भाग गडद करतो. सरासरी १२८ पासून ढळली की पोताबरोबर संपूर्ण चित्राचा टोनही ढळतो.

मल्टिप्लाय या मिसळण्याच्या पद्धतीचे गणित वेगळे आहे. त्यात दोन मूल्यांचा गुणाकार करून २५५ ने भागले जाते. २०० वर १२८ ठेवले की सुमारे १०० मिळतात. पांढरा रंग म्हणजे २५५ असल्यामुळे पांढऱ्याचा काहीच परिणाम होत नाही. पण स्कॅन केलेला ‘पांढरा’ कागद बहुधा २३५ च्या जवळपास असतो, आणि तो तसाच मल्टिप्लायवर ठेवला तर सारे चित्र सुमारे ८ टक्क्यांनी काळवंडते. पोत लावल्यावर चित्र मळकट का झाले असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्या बाबतीत पुष्कळदा हेच झालेले असते. लेव्हल्स या गडद-फिके ठरवणाऱ्या साधनात पांढऱ्याचा बिंदू कागदाच्या मूल्यावर आणून ठेवणे एवढाच त्यावरचा उपाय आहे.

शाईचे फटकारे पांढऱ्या कागदापासून वेगळे करताना मॅजिक वाँडने, म्हणजे एकसारख्या रंगाचे पिक्सेल निवडणाऱ्या साधनाने, निवड करू नये. त्या निवडीत अर्धवट राखाडी पिक्सेल एक तर पूर्ण राहतात किंवा पूर्ण जातात, आणि ज्या कडेसाठी एवढी खटपट केली ती कडाच दातेरी होऊन तिच्याभोवती पांढरी किनार राहते. कृता आणि गिंप या दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर टू अल्फा’ ही सोय आहे. ती पांढरेपणाच्या प्रमाणात पारदर्शकता देते. फोटोशॉपमध्ये चॅनेलच्या उजेडाचीच निवड करून ती उलटवावी आणि नव्या रिकाम्या थरात काळा रंग भरावा. परिणाम तोच येतो.

कागदाचा दाणा सलग वापरायचा असेल तर त्याचा तुकडा जोड न दिसणारा असावा लागतो. २०४८ × २०४८ चा तुकडा घेऊन ऑफसेट फिल्टरने तो दोन्ही दिशांना १०२४ पिक्सेल सरकवावा, म्हणजे कडांचे जोड मध्यभागी येतात आणि तेथे क्लोन किंवा हीलिंग या दुरुस्तीच्या साधनांनी बुजवता येतात. कृतामध्ये ‘डब्ल्यू’ ही कळ दाबली की चित्र चारही बाजूंनी पुन्हा पुन्हा दिसू लागते आणि जोड लगेच तपासता येतो. तुकड्यातील एखादा ठळक डाग किंवा तंतू या टप्प्यावर काढून टाकावा, कारण तो दर २०४८ पिक्सेलनी परत दिसला की पोताचे सोंग उघड होते.

ब्रश घडवणे

डिजिटल ब्रशमध्ये टोकाचा आकार आणि दाणा या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. आकारासाठी शाईचा एखादा ठसा किंवा फटकाऱ्याचा आडवा तुकडा घ्यावा, आणि दाण्यासाठी वर तयार केलेला कागदाचा सलग तुकडा. पुढचा निर्णय असा की, दाणा ब्रशबरोबर सरकणार की कागदाला चिकटून राहणार. प्रोक्रिएट या रेखाटनाच्या ॲपमध्ये यासाठी मूव्हिंग (सरकता) आणि टेक्श्चराइज्ड (स्थिर) असे दोन पर्याय आहेत. पेन्सिल व कोळशासाठी दाणा स्थिर असलाच पाहिजे. दुसरा फटकारा पहिल्यावरून गेला तर त्याच उंचवट्यांवर रंग अधिक बसावा आणि तेच खळगे रिकामे राहावेत. कुंचल्याच्या केसांच्या रेघा मात्र कुंचल्याबरोबर चालतात, म्हणून तेथे सरकता दाणा योग्य ठरतो.

त्यानंतर पेनच्या दाबाचा संबंध पोताच्या तीव्रतेशी जोडावा : हलक्या दाबाला फक्त उंचवटे रंगावेत आणि दाब वाढला की खळगेही भरत जावेत. केवळ जाडी आणि अपारदर्शकता दाबाला जोडलेला ब्रश कितीही सुंदर दाणा दिला तरी प्लॅस्टिकसारखा वाटतो.

सगळ्या ब्रशमधील दाण्याचे प्रमाण एकच ठेवावे, याबाबत मी फार कडक आहे. एका चित्रात एकच कागद असतो. पेन्सिलीचा दाणा बारीक आणि वॉशचा दाणा त्याच्या तिप्पट मोठा दिसला, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की. एका रिकाम्या कॅनव्हासवर सर्व ब्रशचे एकेक फटकारे शेजारी काढून १०० टक्के झूमवर पाहावे आणि प्रमाण जुळवूनच ते जतन करावेत.

रेखाटन

कामाची सुरुवात पांढऱ्या कॅनव्हासवर करू नये. सर्वांत खाली कागदाचा थर ठेवावा आणि त्यावर एखाद्या डागाळ वॉशचे पान बरेच फिके करून ठेवावे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना डागाळलेल्या भिंतींकडे निरखून पाहण्याचा आणि त्यांत डोंगर, झाडे, माणसे शोधण्याचा सल्ला दिला होता. पडद्यावर तो अधिक सोयीचा आहे, कारण पान फिरवता येते, उलटे करता येते, मोठे करता येते. पंधरा-वीस मिनिटे काहीही न काढता डागांकडे पाहावे, आणि जेथे एखादी कड किंवा आकार सापडेल तेथून पेन्सिलीच्या ब्रशने रेखाटन सुरू करावे.

रेखाटन आकाराला आले की स्कॅन केलेले फटकारे आणि वॉश आणावेत, पण प्रत्येकाला मास्क लावूनच. मास्कमध्ये पांढरा भाग दाखवतो आणि काळा लपवतो. मास्कमध्ये गुळगुळीत ब्रशने रंगवण्याऐवजी कोळशाच्या पानाचा तुकडाच चिकटवावा, म्हणजे वॉशची कड कोळशाच्या कडेसारखी तुटक होते आणि दोन साधने एकमेकांत खरोखर मिसळतात. समजा, एका जुन्या वृक्षाचे चित्र आहे : खोडाला कोरड्या कुंचल्याचे दोन-तीन लांब फटकारे घेऊन वार्प साधनाने खोडाच्या वळणाबरोबर वाकवावेत, पानांच्या गर्दीला मिठाच्या वॉशचा एक तुकडा मास्क करून द्यावा, आणि आकाशाला काहीही देऊ नये. आकाश रिकामे राहिल्यामुळेच खोडाचा खडबडीतपणा बोलू लागतो. एका चित्रात तीनपेक्षा जास्त प्रकारचे पोत मी सहसा येऊ देत नाही.

पोत कोठे ठळक असावा, याचे उत्तर पुन्हा खऱ्या कोळशाकडून मिळते. कोळशाच्या चित्रात गडद सावलीत खळगेही भरलेले असतात, म्हणून तेथे दाणा दिसत नाही. सर्वांत उजळ भागाला कोळसा लागलेलाच नसतो, म्हणून तेथेही दाणा दिसत नाही. तो दिसतो मधल्या छटांत, जेथे प्रकाश सावलीकडे वळतो. पडद्यावर पोताचा थर सगळीकडे सारख्या जोराने ठेवला की हा क्रम मोडतो आणि सावल्या पिठूळ दिसू लागतात. फोटोशॉपमधील ‘ब्लेंड इफ’च्या सरकपट्ट्यांनी पोत अतिगडद आणि अतिउजळ भागांतून हळूहळू विरवता येतो, इतर सॉफ्टवेअरमध्ये मास्कवर मऊ ब्रशने तेच करावे.

पोताचा तुकडा फिरवताना किंवा उलटा करताना त्यातील सावल्यांची दिशाही फिरते, याची जाणीव ठेवावी. शाईच्या सपाट फटकाऱ्याला याने बाधा येत नाही, परंतु जाड रंगाच्या छायाचित्रात प्रकाश डावीकडून असेल आणि तो तुकडा आपण अर्धा फिरवला, तर उंचवटे खळग्यांसारखे दिसतात.

पुन्हा कागदाकडे

हा प्रवास उलट्या दिशेनेही करता येतो, आणि तो करून पाहावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डिजिटल रेखाटन फिक्या आकाशी रंगात जलरंगाच्या कागदावर छापावे, त्यावर खऱ्या काळ्या शाईने किंवा कोळशाने काम करावे आणि परत स्कॅन करावे. रंगीत स्कॅनची फक्त निळी वाहिनी पाहिली की आकाशी रेषा जवळजवळ पांढरी होऊन नाहीशी होते आणि काळे काम स्वच्छ उरते. लाल वाहिनीत तीच रेषा सर्वांत गडद दिसते, त्यामुळे मूळ रेखाटन तपासायलाही सोय होते. छापताना कागदाच्या चारही कोपऱ्यांवर लहान अधिक-चिन्हे ठेवावीत, म्हणजे स्कॅन परत मूळ फाइलवर बिनचूक बसवता येतो.

वॉश द्यायचा असेल तर छपाईची शाई तपासून घ्यावी. विद्राव्य रंगाची इंकजेट शाई पाणी लागताच पसरते. रंगकणांची शाई किंवा लेझर प्रिंटरचा टोनर पाण्यात टिकतो. ओला झालेला कागद वाळल्यावर लहरी होतो आणि स्कॅनरच्या काचेपासून वर उचलला जातो. पातळ बांधणीच्या स्कॅनरांत बहुधा जो सीआयएस प्रकारचा संवेदक असतो त्याची स्पष्टतेची खोली फार कमी असल्याने असा भाग लगेच धूसर येतो, म्हणून कागद आधी रात्रभर वजनाखाली दाबून ठेवावा.

शेवटची तपासणी

पडद्यावर झूम बदलले की दाणाही बदलल्यासारखा वाटतो, म्हणून केवळ पडद्यावर विसंबून राहू नये. ३०० डीपीआयवर एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरएवढा छापला जातो. एक-दोन पिक्सेलचा दाणा छापल्यावर डोळ्याला दिसतच नाही, फक्त रंग किंचित करडा भासतो. चित्राची एक अरुंद पट्टी, जिच्यात उजळ, मधला आणि गडद असे तिन्ही भाग येतील, मूळ आकारात छापून हातभर अंतरावरून पाहावी आणि गरज असेल तर दाण्याचे प्रमाण वाढवावे.

चित्र पडद्यासाठी लहान करायचे असेल तर अडचण वेगळी येते. ४९६० पिक्सेल रुंदीचे चित्र १२४० वर आणले की सोळा पिक्सेलची सरासरी होऊन एक पिक्सेल उरतो आणि बारीक दाणा पुसला जातो. अशा वेळी तळाचा कागदाचा थर बंद करून बाकीचे चित्र लहान करावे, आणि मग त्या लहान आकारात तोच कागद नव्याने, पडद्यावर १०० टक्के झूमला दाणा दिसेल अशा प्रमाणात ठेवावा. थर एकत्र केलेली प्रत या दोन्ही वापरांसाठी वेगवेगळी काढावी लागते, म्हणून थरांची मूळ फाइल आणि स्कॅनची अस्पर्शित पाने कायम जपून ठेवावीत.